पाचव्याला पहिला मान

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या वॉल्नट कोर्टवर अशी बातमी होती की ड्वेन पावलिक आणि मार्नी वेगळे होताहेत आणि पोरांची वाटणीसुद्धा झाली आहे. तीन ड्वेनकडे, चौथा वाऱ्यावर. बातमी पक्की, कारण ती मिसेस ओबर्ग यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेली. ड्वेन दारासमोरचा बर्फ फावड्यानं ढकलत होता, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये चेपलेला, आणि ओरडत होता, "तीनच ठेवता येतील! चौथ्याला सोडावंच लागणार. मला काय गुदगुल्या होताहेत का?" पावलिकांना पोरं चार. मिसेस ओबर्ग यांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. चारातून तीन वजा करायला त्यांना कागद लागत नाही. चौथा म्हणजे धाकटा कोल्बी, हेही त्यांनीच ठरवलं, कारण त्यानं नुकतीच सायकल आपटून गॅरेजच्या दाराला पोचा आणला होता.

मी ही गोष्ट फक्त दोघींना सांगितली. त्या दोघींनी पुढं काय केलं ते मला माहीत नाही. पण शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपवासाची, म्हणजे मटण बंद आणि तळलेली मासळी चालू, अशी पंगत होती, मार्नी वाढायला उभी होती, आणि रांगेतला जो तो तिच्या हातावर हात ठेवून "धीर धर गं" म्हणत पुढं सरकत होता. अकरावा हात पडल्यावर मार्नीनं कोबीच्या कोशिंबिरीचा डाव खाली ठेवला.

"मला कुणी सांगेल का, मेलंय कोण?"

मिसेस ओबर्ग यांनी सांगितलं. मार्नी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "अहो, पोरं नाहीत ती! बेसबॉलवाले आहेत! तो चौथा म्हणजे सिॲटलचा कुठलासा तिसऱ्या बेसवरचा गडी. त्याला सोडायचं म्हणून ड्वेनला दोन दिवस घास उतरत नाहीये. कोल्बीला सोडायचं असतं तर पोटभर जेवला असता."

तर बातमी खोटी निघाली. पण मिसेस ओबर्ग अजून म्हणतात की वाटणी झालीच होती, फक्त वेगळ्या पोरांची. त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

ड्वेनची फँटसी लीग म्हणजे दहा मोठे बाप्ये आणि प्रत्येकाची एक मनातली टीम. खरे खेळाडू खऱ्या मैदानावर घाम गाळतात आणि त्याचे गुण हे दहाजण घरबसल्या आपापल्या टीमच्या नावावर लावतात. दर आठवड्याला एकाची टीम दुसऱ्याच्या टीमशी भिडते. सप्टेंबरात पहिले चारजण बाद फेरीत जातात, त्यातून एक विजेता. मार्चअखेरीला निवडीचा दिवस असतो, पाळीपाळीनं एकेक खेळाडू उचलायचा; एकदा उचलला की तुम्ही सोडेपर्यंत तो तुमचाच, आणि कुणाकडंच नसलेला मोकळा गडी मध्येच बदलून घेता येतो. आणि मागच्या वर्षीचे काही लाडके गडी निवडीआधीच बाजूला काढून ठेवता येतात. त्यांना आपण ठेवणीतले म्हणू. या ठेवणीतल्या गड्यांवरून त्या दहाजणांत जेवढं वाजलंय, तेवढं आमच्या गल्लीत ठेवणीतल्या चांदीवरून भावाभावांत वाजलेलं नाही.

ड्वेन या लीगचा कमिशनर, म्हणजे नियम करणारा आणि भांडणं मिटवणारा. पगार नाही, गणवेश नाही, साधी शिट्टीसुद्धा नाही.

माणूस चोपन्न वर्षांचा, शिडशिडीत, चालताना गुडघे वाजतात. जिल्ह्यातल्या शाळांच्या बसगाड्या कुठून किती वाजता सुटायच्या ते ठरवायची नोकरी. दिवसभर एका खुर्चीत बसावं लागतं, त्याचा सूड तो घरी येऊन उगवतो. जेवतो उभ्यानं, टीव्ही बघतो येरझाऱ्या घालत. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मार्नीनं त्याला आरामखुर्ची आणली, तर तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे बसतात. त्यांच्या-आमच्या कुंपणालगत हातभर रुंदीची एक पट्टी आहे, तिथं गवत म्हणून उगवत नाही. फोन कानाला लागला की ड्वेन त्या पट्टीवरून निघतो, आणि बोलणं संपेपर्यंत थांबत नाही. पहिल्या वर्षी आमचा कुत्रा त्याच्याबरोबर कुंपणाच्या अलीकडून पळायचा. दुसऱ्या वर्षी त्यानं नाद सोडला.

तेवीस वर्षांपूर्वी यातले नऊजण आणि आणखी एक असे दहाजण नदीकाठच्या गाड्यांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते. जेवणाच्या सुट्टीत युनियनच्या नोटिशीच्या पाठीमागे त्यांनी लीगचे नियम लिहिले. पहिलं कलम असं होतं: दर रविवारी दुपारी बारा वाजता प्रत्येकानं आपल्या टीमची यादी फोनवर सगळ्यांना स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवायची आणि शेवटी म्हणायचं, "ही माझी खरी टीम." ते म्हटल्याशिवाय यादी धरायची नाही. कारखाना बंद पडला त्याला अकरा वर्षं झाली. जीन टेनेसीला गेला, ट्रक चालवतो. लेनी फ्लोरिडात सुनेच्या घरी. एक इंडियानात, एक कुठं पिट्सबर्गकडे. मग संगणक आला, यादी बोटानं भरता येऊ लागली, आणि रविवारच्या फोनवर कधी चार, कधी दोनच जण उरले. ते यादी कमी आणि कंबरदुखी जास्त वाचायचे.

निवडीच्या दिवशी मात्र दहाही जण ड्वेनच्या गॅरेजमध्ये हजर लागतात. फोनवरून निवड चालत नाही. एरवी ही माणसं एकत्र येतात ती कुणाच्या तरी अंत्यविधीला, आणि तिथं एक कमी असतो.

आता दुखणं काय होतं ते सांगते. दुखण्याचं नाव रँडल टॉथ. टॉथ औषधाच्या दुकानात गोळ्या मोजतो आणि घरी येऊन खेळाडू मोजतो. दोन्हीकडं चुकत नाही. ओळीनं पाच वर्षं तोच जिंकला. जुन्या नियमात ठेवणीतल्या गड्यांना मर्यादाच नव्हती. टॉथनं आठ-आठ ठेवले. त्याची टीम म्हणजे लोणच्याची बरणी, दरवर्षी आणखी मुरतच चालली. उलट शेवटच्या नंबराला पुढच्या वर्षी पहिली निवड मिळायची, त्यामुळं खालच्यांना हरायलाही घाई. जून उजाडला की निम्म्या लीगनं हातपाय गाळलेले. कुणाच्या टीममध्ये महिनाभरापूर्वी हात मोडलेला गडी तसाच उभा, काढायचीही तसदी नाही.

जानेवारीत जीनचा फोन आला. "पावलिक, मार्चला येतो. पण हे शेवटचं. नऊ तास गाडी हाकून टॉथचा मार खायला यायचं, त्यापेक्षा मी इथंच एखादा टॉथ शोधतो." त्याच आठवड्यात लेनी तेच म्हणाला, मग इंडियानावाला, मग पिट्सबर्गवाला. सगळे दूरचे.

"सहा जणांची लीग म्हणजे पत्त्यांचा डाव," ड्वेन मला कुंपणावरून म्हणाला. "आणि या सहातले पाच मला दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोलपंपावर भेटतातच. त्यांच्यासाठी लीग कशाला हवी? लीग आहे ती त्या चौघांसाठी."

"मग टॉथला काढा."

"टॉथला काढून काय करू? गुन्हा केलाय का त्यानं? नीट खेळतो एवढाच."

त्या हिवाळ्यात ड्वेननं पट्टीवरचा बर्फ पायांनीच वितळवला. बसगाड्यांच्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर तो नियम लिहायचा, फ्रिजवर चिकटवायचा, दूध काढायला आला की वाचायचा, फाडायचा. ठेवणीतले तीनच, आणि एका गड्याला तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. हा नियम लवकर बसला. टॉथचं लोणचं संपलं. अडलं ते शेवटच्या नंबरापाशी. हरणाऱ्याला बक्षीस दिलं तर तो हरतच राहणार, आणि नाही दिलं तर वर येणार कसा?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो हातात कागद घेऊन कुंपणाला आला. मी पक्ष्यांना दाणे घालत होते.

"ऐक ना. समज, तू शेवटची आहेस."

"फार आभारी आहे."

"समज म्हणतोय. पूर्वी शेवटचीला पहिली निवड मिळायची. आता नाही. आता ती पाचव्याला. बाद फेरी जरा हुकली त्याला. मग सहावा, सातवा असं खाली दहाव्यापर्यंत, वरचे चार त्यानंतर, आणि विजेता सगळ्यात शेवटी. म्हणजे काय होईल, तू दहावी आहेस तरी नववी व्हायला धडपडशील, नववी आठवी व्हायला. कुणी झोपणार नाही. सगळे वर, वर, वर!" हे म्हणताना तो स्वतःच टाचा उचलत होता.

माझ्या मनात आलं, अरे, मग चौथं येऊन मार खाण्यापेक्षा पाचवं बरं की! पण इतक्या आठवड्यांनी हा माणूस हसत होता. शिवाय खोटं कशाला बोलू, पुढं काय होतंय ते मला बघायचं होतं.

"छान आहे," मी म्हटलं.

निवडीच्या दिवशी गॅरेजमध्ये दहा घडीच्या खुर्च्या, मार्नीचे बटाटा भरलेले पिरोगी, सॉसेजची परात, आणि एफ्राइन रोसादोनं आणलेला तुरीच्या दाण्यांचा भात. एफ्राइन छपरं घालतो. कारखान्यातला एकजण गळला त्याच्या जागी आला, लीगमध्ये अकरा वर्षं आहे आणि अकरा वर्षांत एकदाही पहिल्या चारात आलेला नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: पोर्तो रिकोचा गडी दिसला की त्याला राहवत नाही. "आईच्या गावचा पोरगा आहे, त्याला दुसऱ्याच्या घरी कसा जाऊ देऊ?" म्हणून खांदा निखळलेला, नजर गेलेला, निवृत्तीला टेकलेला, सगळे त्याच्याकडे. टॉथ त्याच्या टीमला वृद्धाश्रम म्हणतो.

ड्वेननं उभ्यानं नियम वाचले. मतदानाला पहिला हात टॉथचा वर गेला. खरं तर तेव्हाच ड्वेननं घाबरायला हवं होतं. पण दहाही हात वर आले आणि तो नुसता लाल होऊन उभा राहिला.

आणि गंमत म्हणजे नियम लागू पडला. जून आला, कुणी झोपलं नाही. जुलैत लेनी रोज सुनेच्या फोनवरून खेळाडू बदलत होता, कारण त्याचा स्वतःचा फोन तिनं जेवणाच्या वेळी काढून घेतला होता. टॉथ पहिला होता, पण दुसऱ्यापेक्षा जेमतेम पुढं. एफ्राइन ऑगस्टच्या शेवटी चौथा! त्याच्या वृद्धाश्रमातला एक आजोबा महिन्यात नऊ होमरन मारून बसला. एफ्राइन छपरावरून ओरडायचा, आणि खाली घरमालकाला वाटायचं कोण पडलं. पाचवा होता जीन. दोघांचे विजय सारखे, शेवटचा एक आठवडा बाकी.

ड्वेनला मात्र चैन नव्हतं. "फार नीट चाललंय," तो म्हणायचा आणि वळून पुन्हा चालू लागायचा.

मग बातमी आली की जपानचा एक तरणा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, पुढच्या वर्षी इकडं खेळायला येतोय. शंभरांत एक, डावखुरा, त्याचा चेंडू म्हणे बॅटपाशी येऊन विचार बदलतो. म्हणजे पुढच्या मार्चला ज्याची पहिली निवड, त्याचा तो. पहिली निवड कुणाची? पाचव्याची. आणि चौथ्याला काय? बाद फेरीत पहिलाच सामना टॉथशी.

जीनला हे टेनेसीतल्या एका ट्रकतळावर उमगलं. तो मुकाट्यानं आपले चांगले पिचर बाकावर बसवायच्या तयारीला लागला. एफ्राइनला उमगलं नव्हतं. त्याला टॉथनं फोन करून समजावलं. "मित्रा, तुझं भलं म्हणून सांगतो. चौथा आलास तर मी तुझं भरीत करणार. पाचवा आलास तर जपानी तुझा." टॉथला कुणाच्या भल्याची एवढी कळकळ मी कधी पाहिली नव्हती; दोघंही पडायला लागले तर त्याच्यासमोर जो कुणी येईल तो लंगडाच येणार होता ना. झालं, एफ्राइननंही दवाखान्यातल्या गड्यांचा शोध सुरू केला. शुक्रवारपर्यंत लीगमध्ये जेवढे लंगडे, प्लास्टरमधले आणि क्लबनं घरी पाठवलेले गडी मोकळे होते, ते या दोघांनी वाटून घेतले. एका कोपर मोडलेल्या पिचरवरून तर दोघांची चढाओढ झाली.

शनिवारी, इकडच्या सप्टेंबरातल्या कामगारदिनाच्या सुट्टीत, पावलिकांच्या अंगणात शेगडीवर कणसं होती. एफ्राइन हजर, टॉथ हजर, जीन आणि लेनी फोनवर. फोन कणसांच्या टोपलीशेजारी उभा करून ठेवलेला. मी मार्नीला कणसं सोलू लागत होते, म्हणजे ऐकत होते.

लेनी सुरुवातीलाच तापला. "पावलिक, आम्ही सहा महिने रक्त आटवलं आणि हे दोघं हरायची शर्यत लावतात? हे चालणार असेल तर मला आजच वजा कर. इंडियानावाला पण हेच म्हणतोय."

"आणि नियम आत्ता मध्येच बदललास," जीन म्हणाला, "तर मला वजा कर. दहा हात वर गेले होते. माझाही होता. पाचव्याला पहिला मान, तूच लिहिलंस ना? मी पाचवा यायचा प्रयत्न करतोय. कायद्यानं वागतोय!"

"जीन, तू पाचवा येत नाहीयेस, तू पाचवा पडतोयस," ड्वेन म्हणाला.

"पडलो काय, आलो काय, नंबर तोच ना!"

ड्वेन शेगडीभोवती फिरत होता. कणसं उलटायची विसरला. मार्नीनं त्याच्या हातातून चिमटा काढून घेतला. "तू फिर. मी उलटते."

"एफ्राइन, तू तरी," ड्वेन म्हणाला. "अकरा वर्षांनी चौथा आलायस रे बाबा."

एफ्राइननं कणसाला लोणी फासलं, सावकाश, कडेपर्यंत. "कमिशनर, अकरा वर्षं मी फुकट हरलो. एकदा फायद्यासाठी हरू दे."

टॉथ इतका हसला की त्याच्या चष्म्यावर लोणी उडालं. ड्वेन हसला नाही. तो निघाला आणि कुंपणालगतच्या पट्टीवर गेला. तिकडं जाऊन आला, पुन्हा गेला. नियम बदलला तर जीन जातो, नाही बदलला तर लेनी आणि इंडियाना जातात. कुठूनही मोजा, मार्चमध्ये दहा खुर्च्या भरत नव्हत्या. मार्नी मला म्हणाली, "मोज तू. साताला थांबला तर काही सुचलं. दहाच्या पुढं गेला तर जेवण थंड."

मी मोजलं. नवव्या फेरीला तो परत आला.

"नियम बदलणार नाही," तो म्हणाला. फोनमधून जीन ओरडला, "शाब्बास!" ड्वेननं हात वर केला, जणू जीनला दिसत होतं. "तोही नाही आणि पहिलं कलमही नाही. उद्या दुपारी बारा वाजता फोन. दहाही जण. आपली यादी आपल्या तोंडानं, एकेक नाव, आणि शेवटचं वाक्य. ज्याला यायचं नसेल त्याची यादी धरणार नाही."

"अरे, ते जुनं झालं! संगणकात भरलीये ना!" फोनमधून जीन म्हणाला.

"कलम खोडलंय का कुणी?"

कुणी खोडलं नव्हतं. बहुतेकांना फक्त विसर पडला होता.

रविवारी चर्चमधून येऊन ड्वेननं फोन गॅरेजमधल्या बर्फाच्या पेटीवर ठेवला, आवाज मोठा केला, आणि पेटीभोवती चालू लागला. एफ्राइनला त्यानं घरूनच बोलायला सांगितलं होतं, सगळ्यांना सारखं. मी साखर मागायला गेले होते. वाटी हातात घेऊन पाऊण तास उभी होते.

पहिला टॉथ. खणखणीत वाचली. "ही माझी खरी टीम." मग बाकीचे, एकेक. कुणीतरी अडखळला, कुणी म्हणाला, "किती वर्षांनी वाचतोय रे!" लेनीच्या मागून सुनेचा आवाज आला, "बाबा, कुणाशी बोलताय?" आणि लेनी म्हणाला, "कामावरच्यांशी."

मग जीन. मागं ट्रकचं इंजिन घरघरत होतं.

"पहिला बेस," जीन म्हणाला आणि एक नाव घेतलं.

"तो कसा आहे?" टॉथनं गोड आवाजात विचारलं.

"बरा आहे. कोपराचं ऑपरेशन झालंय."

"दुसरा बेस?"

"बायको बाळंत झालीये. रजेवर आहे."

"मुलगा की मुलगी?" इंडियानावाला.

"मला काय माहीत! तिसरा बेस..." जीननं नाव सांगितलं.

"त्याला जुलैत क्लबनं घरी पाठवलाय," ड्वेन चालता चालता म्हणाला.

"मग घरी खेळेल."

तोपर्यंत फोनमधून नुसता खिदळण्याचा आवाज येत होता. नऊ माणसं, पन्नाशी-साठीची, नाक ओढत, खोकत हसत होती. कुणीतरी म्हणालं, "पिचर सांग, पिचर!" जीननं पाच नावं सांगितली. त्यातला एक पिचर नव्हताच. तो मागच्या वर्षी निवृत्त होऊन मासेमारीची दोरी-गळ विकत होता. लेनी रडल्यासारखा हसत होता. मार्नी भिंतीला टेकली. ड्वेन एकटा हसत नव्हता.

"शेवटचं वाक्य, जीन."

इंजिन घरघरत राहिलं. "ही माझी..." जीन थांबला. "ही माझी टीम आहे, पावलिक. खरी-बिरी मला विचारू नकोस."

"कलमात खरी आहे."

"खरोखर माझी आहे, एवढं लिहून घे."

ड्वेन दोन पावलं चालला. "लिहून घेतलं. एफ्राइन."

एफ्राइननं घसा साफ केला. पहिलं नाव वाचलं, तो पायाला प्लास्टर घातलेला. दुसरं वाचलं. तिसऱ्याला थांबला. हसून हसून सगळे दमले होते.

"थांबा," एफ्राइन म्हणाला. "परत वाचतो."

"का रे?" टॉथनं विचारलं. "छान चाललं होतं."

"अकरा वर्षं दर रविवारी मी फोनवर येतो. तुम्ही लोक येत नव्हतात तेव्हाही यायचो, मी आणि कमिशनर. टीम भंगार होती, पण खरी होती. ते वाक्य मी कधी खोटं बोललो नाही. आता एका जपान्यासाठी बोलू?" मग त्यानं वाचली, आजोबांसकट, आईच्या गावच्या पोरांसकट, अख्खी. "ही माझी खरी टीम."

"गाढवा," टॉथ म्हणाला. पण हळूच म्हणाला.

पुढचं थोडक्यात सांगते. जीन अपेक्षेप्रमाणे हरला, एवढ्या गुणांनी की लीगचा तेवीस वर्षांचा विक्रम मोडला, तो पाचवा. एफ्राइन चौथा. बाद फेरीत टॉथनं त्याला भाजून काढला, पण एका रविवारी दुपारी दोन तास एफ्राइन पुढं होता, आणि त्या दोन तासांत तो आमच्या गल्लीत गाडीचा भोंगा वाजवत तीनदा फिरून गेला. अंतिम सामना टॉथनं जिंकला, दीड गुणानं. म्हणजे सहावं वर्ष.

लेनीनं वजा व्हायचं पुन्हा नाव काढलं नाही. जीननं वाचलेली यादी तो थँक्सगिव्हिंगला सुनेच्या माहेरच्यांना पाठ म्हणून दाखवत होता, असं तीच मार्नीला फोनवर म्हणाली. रविवारच्या फोनवर ऑक्टोबरात खेळ संपल्यावरही सात-आठ जण येत राहिले, वाचायला काही नसताना. ड्वेन मात्र नोव्हेंबरातच नव्या कागदाला लागला. पाचव्या नंबराचं भोक बुजवायचं होतं. मला कुंपणावरून म्हणाला, "तुला तेव्हाच दिसलं होतं ना?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

"दिसलं होतं," तो म्हणाला आणि पुढं चालू लागला. त्या हिवाळ्यात त्यानं मला एकही नियम वाचून दाखवला नाही. माझं जरा चुकलंच.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सातला जीनचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा होता. नऊ तास हाकून, सगळ्यांच्या आधी, दाढी करून आलेला. लेनी विमानानं. इंडियाना आणि पिट्सबर्ग एका गाडीतून, वाटेत भांडत. दहा खुर्च्या, दहा माणसं. ड्वेन त्यांच्यामागून फिरत मोजत होता, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजताना मार्नीनं त्याच्या हातात पिरोग्यांची परात दिली.

टॉथ मात्र उभाच होता, पुढच्या रांगेत, कोट काढायचा बाकी. "एक विचारू का, कमिशनर?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वर्षभर नियम लिहिलेस, बायकोचं डोकं खाल्लंस, गवत मारलंस. आणि जिंकलं कोण? मीच. मग तुझ्या त्या नियमांनी केलं काय?"

ड्वेननं परात जीनच्या मांडीवर ठेवली.

"टॉथ, पूर्वी ही माणसं झोपेत हरायची. आता मेहनत करून हरतात. तू विजेता, तुझी निवड दहावी, म्हणून मागं जाऊन बस."